पायाखाली माती की मॅट?

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की आमगाव, सालेकसा अशी स्टेशनं एकेक करून मागे पडतात. हळूहळू धानाच्या बांध्या कमी होतात, जंगल जवळ येतं, डोंगर रुळाला खेटून उभे राहतात आणि येतं दरेकसा! महाराष्ट्राचं अगदी टोक. आणखी थोडं पुढे गेलं की छत्तीसगड. जवळच हाजरा फॉलचा धबधबा आहे. माघ पौर्णिमेला जिथे गोंड समाजाचे हजारो भाविक जमतात, ते कचारगडही इथून जवळच.

पण दोस्तहो, आज आपण धबधबा बघायला निघालेलो नाही, की गुहाही नाही. आज आपल्याला बघायचंय एक मैदान!

या भागातल्या कुठल्याही गावात ते तुम्हाला भेटेल. धान कापून झालं, दिवाळी उरकली, मंडईचे दिवस आले, की एखादी सुकलेली बांधी नाहीतर शाळेमागची मोकळी जागा पोरं साफ करतात. खडे वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, माती चोपून बसवायची. मग दोरी धरून फक्की मारायची. झालं कबड्डीचं मैदान तयार! खर्च किती? चुन्याच्या फक्कीचा, बस्स!

आणि मैदान तयार झालं, की त्याच्या कडेला वादही तयार!

"आता मॅट पाहिजे बरं का आपल्याकडे. टीव्हीवर बघा, सगळे मॅटवर खेळतात."

"अरे हट्! मातीत लोळल्याशिवाय कबड्डी कसली? ती गादीवरची कसरत झाली."

"पण पुढच्या स्पर्धेला गेलं की मॅटच असते ना? मग आपली पोरं तिथं घसरतात."

"मॅट आणाल, पण ठेवाल कुठे? उंदरांना?"

असं बोलणं तुमच्याही गावात ऐकलं असेल. कबड्डी नसेल तर कुस्ती असेल, हॉकी असेल, नाहीतर क्रिकेटचं मॅटिंग. खेळ कोणताही असो, मैदानातली एखादी वस्तू बदलायची म्हटलं की खेळाडूंच्या आधी प्रेक्षकच दोन तट करून उभे राहतात. यात खरं कोणाचं? चला, आज जरा नीट बघू या. कारण हा वाद नुसता पारावरचा नाही. त्यात तुमच्यासारख्या मुलामुलींच्या संधीचा प्रश्न आहे.

बोर्ड आला तो प्रेक्षकांमुळे!

आधी जरा लांबची सफर करू. तुम्ही बास्केटबॉल पाहिलाय ना? त्याच्या कडीमागे जो मोठा बोर्ड असतो, तो कशासाठी, सांगा बरं!

"बॉल आपटून कडीत जावा म्हणून," असं तुम्ही म्हणाल. पण गंमत अशी, की तो मुळात त्यासाठी आलाच नव्हता!

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावात जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. थंडीच्या दिवसांत मुलांना छताखाली खेळता येईल असा एखादा खेळ त्यांना हवा होता. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. उंची १० फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. आजही कडी तेवढ्याच उंचीवर असते. टोपलीला खाली बूड होतं, त्यामुळे बॉल आत पडला की शिडी लावून काढावा लागे!

पुढे खेळ बघायला गर्दी होऊ लागली. प्रेक्षक सज्जात उभे. टोपली त्यांच्या अगदी पायाशी! मग काय, आपल्या संघाचा बॉल असला की हळूच आत ढकलायचा आणि समोरच्यांचा असला की बाहेर! हा आगाऊपणा थांबवायला टोपलीमागे जाळीचा आडोसा लावला गेला. तोच पुढे लाकडी बोर्ड झाला. म्हणजे बोर्ड आला तो प्रेक्षकांच्या खोडीमुळे!

पण लाकडी बोर्डानं नवीनच पंचाईत केली. त्याच्या मागे बसलेल्यांना काही दिसेना. इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टन गावातल्या व्यायामशाळेत १९१७ साली हीच तक्रार झाली. पैसे आम्हीही दिलेत, मग आम्ही काय फळ्या बघायच्या? अखेर गावातल्याच एका आरसे बनवणाऱ्या कंपनीकडून दीड इंच जाडीच्या काचेचे बोर्ड करून घेतले गेले. आज टीव्हीवर तुम्ही पारदर्शक बोर्ड बघता ना, त्याची सुरुवात ही अशी एका कॉलेजच्या प्रेक्षकांच्या कुरकुरीतून झाली.

गोष्ट इथेही संपली नाही! काचेचा बोर्ड फुटतो. १९७९ साली डॅरिल डॉकिन्स नावाच्या धिप्पाड खेळाडूनं बॉल कडीत असा काही दाणकन घातला, की बोर्डाचा चुरा झाला. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा तेच! मग स्प्रिंगची कडी आली. कोणी लोंबकळलं तर ती खाली वाकते आणि पुन्हा जागेवर येते.

लक्षात आलं का? एक वस्तू बदलली की दुसरी बदलावी लागते. ती बदलली की तिसरी. म्हणून बदल करताना फक्त आजचा विचार करून चालत नाही.

खेळाडूंना न विचारता...

आणखी एक किस्सा. २००६ साली अमेरिकेतल्या एनबीए या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगनं चामड्याचा बॉल काढून कृत्रिम धाग्यांचा नवा बॉल आणला. प्रत्येक बॉल सारखा, नव्याला मुरवायची गरज नाही, अशी त्याची कौतुकं झाली. पण खेळाडू वैतागले. कोणी म्हणे बोटांना चिरा पडतात, कोणी म्हणे उसळी वेगळी आहे, कोणी म्हणे घाम लागला की हातातून निसटतो.

ही नुसती नव्या गोष्टीची भीती होती का? टेक्सासमधल्या एका विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही बॉल तपासले. कोरडा असताना नवा बॉल हाताला चांगला चिकटायचा, पण ओला झाला की चामड्यापेक्षा जास्त निसरडा व्हायचा. चामडं घाम शोषून घेतं, कृत्रिम आवरण तेवढं घेत नाही. म्हणजे खेळाडूंच्या हाताला जे कळलं होतं, तेच प्रयोगातही दिसलं! १ जानेवारी २००७ पासून, म्हणजे मोसम अर्ध्यावर असतानाच, जुना चामड्याचा बॉल परत आला.

यातून काय शिकायचं? नवं ते सगळं वाईट, असं मुळीच नाही. पण ज्यांच्या हातात बॉल येणार आणि ज्यांच्या पायाखाली मैदान येणार, त्यांना आधी विचारायला हवं. बरोबर ना?

लाल मातीतून गादीवर

आता परत आपल्या महाराष्ट्रात येऊ. माती की मॅट, हा वाद आपल्याकडे सर्वांत आधी रंगला तो कुस्तीत.

कोल्हापूरचं खासबाग मैदान ऐकून माहीत असेल. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ मध्ये तयार झालं. मधे आखाडा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. समोरच्याचं डोकं आड येत नाही, मधे खांब नाहीत. म्हणजे ब्लूमिंग्टनच्या पाच वर्षं आधीच कोल्हापुरात प्रेक्षकाला नीट दिसावं याचा पुरता विचार झाला होता!

आखाड्यातली माती म्हणजे नुसती माती नव्हे बरं का. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असं काय काय घालायचं आणि ती रोज खणून मऊ ठेवायची. या मातीत पाय रुततो, चाल मंदावते, ताकद आणि दम यांचा कस लागतो. कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची.

गादीवरची कुस्ती निराळी. तिथे पाय रुतत नाही. चपळाई लागते, गुण मोजले जातात, घड्याळ टिकटिकत असतं. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, की निकाल!

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीत वाढले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे ते विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा गादीवरच्या कुस्तीची त्यांना सवयच नव्हती. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला! परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षं कसून तयारी केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचं, तर पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी दिली. आणि खाशाबांनी ब्राँझ पदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक!

आता जरा विचार करा. लंडनला जाण्याआधी खाशाबांना गादीवर सराव मिळाला असता तर? उत्तर कोणालाच देता येणार नाही. पण प्रश्न मात्र आजही जिवंत आहे. कारण दरेकशासारख्या गावातून निघालेली मुलं आजही पहिल्यांदा मॅट बघतात ती अनेकदा थेट स्पर्धेच्या दिवशीच!

कुस्तीनं मात्र यातून एक सुरेख वाट काढली. १९६१ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आता दोन विभाग असतात, एक माती आणि एक गादी. दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात आणि जिंकेल तो मानाची गदा उचलतो. म्हणजे जुन्यालाही मान, नव्यालाही स्थान!

हॉकीची हुकलेली गाडी

हॉकीत मात्र असं जमलं नाही. १९२८ ते १९५६ या काळात भारतानं ऑलिंपिक हॉकीची सलग सहा सुवर्णपदकं जिंकली. सगळी गवतावर! गवतावर बॉल थोडा उडतो, थबकतो, वळतो. तिथे आपल्या खेळाडूंची मनगटाची जादू चालायची.

१९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच हॉकी कृत्रिम मैदानावर झाली. बॉल सुसाट पळू लागला. जोरकस फटका आणि धावण्याची ताकद यांचं महत्त्व वाढलं. भारत सातवा आला! त्याआधी प्रत्येक वेळी पदक घेऊन आलेला भारत पहिल्यांदाच रिकाम्या हातानं परतला. १९८० च्या मॉस्कोमध्ये सुवर्ण मिळालं खरं, पण तिथे बऱ्याच तगड्या देशांचा बहिष्कार होता. त्यानंतरचं पदक मिळायला ४१ वर्षं लागली. ते आलं २०२१ मध्ये, टोकियोत.

सगळा दोष मैदानाचा होता का? तसं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. इतर देशांचा खेळही सुधारला होता. तरी एक गोष्ट उघड आहे. श्रीमंत देशांनी अशी मैदानं भराभर घातली आणि आपल्याकडे ती फार थोडी, तीही मोठ्या शहरांत. गावातली मुलं गवतावर नाहीतर मुरुमावर खेळत राहिली आणि सामने मात्र दुसऱ्याच मैदानावर होऊ लागले.

प्रेक्षकांसाठी केलेला एक बदलही ऐका. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकीचं मैदान चक्क निळं होतं आणि बॉल पिवळा! का? तर बघणाऱ्यांना बॉल नीट दिसावा म्हणून.

आणि आता आपली कबड्डी

कबड्डी म्हणजे पूर्वीचं हुतूतू. या खेळाशी आपल्या विदर्भाचं जुनं नातं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, त्यात कबड्डीही होती. १९९० साली बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळालं आणि भारतानं सुवर्णपदक जिंकलं.

मग आलं २०१४. २६ जुलैला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली. छताखालचं बंदिस्त मैदान, झगझगीत दिवे, रंगीत मॅट, खेळाडूंच्या पायात बूट. ज्यांनी कबड्डी फक्त धुळीत पाहिली होती, ते डोळे विस्फारून बघत राहिले. आणि त्या रात्रीपासून गावोगावच्या पोरांच्या मनात मॅट घर करून बसली.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं नीट ऐकू या. भांडायचं नाही हं!

मॅटवाले म्हणतात:

एक, मातीत खरचटतं. गुडघे, कोपरं सोलून निघतात. मॅट मऊ असते, त्यामुळे खेळाडू बिनधास्त सूर मारतो.

दोन, मातीवरची फक्की पाचव्या मिनिटाला पुसली जाते. मग निदान रेषा ओलांडली की नाही, बोनस झाला की नाही, यावरून पंचांशी हुज्जत. मॅटवरच्या रेषा पुसल्या जात नाहीत.

तीन, पावसाळ्यात माती म्हणजे चिखल. चार महिने सराव बंद! मॅट हॉलमध्ये टाकली की बारा महिने कबड्डी.

चार, आणि हेच सर्वांत महत्त्वाचं. वरच्या पातळीवरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मग सराव मातीवर करून कसं चालेल?

मातीवाले म्हणतात:

एक, माती फुकट आहे. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर. एकेक मीटरचे मॅटचे तुकडे एकमेकांत अडकवायचे म्हटले, तरी नुसत्या मैदानाला १३० तुकडे लागतात. कडेनं आणखी लागतात ते वेगळेच. आणि मग प्रत्येकाला बूट! गरीब घरच्या मुलानं काय करायचं?

दोन, कबड्डी हा सगळ्यांचा खेळ झाला तो याचमुळे, की त्याला काहीच लागत नाही. ना बॅट, ना बॉल, ना जाळी. लागतो फक्त दम! सामान लागू लागलं की खेळ मूठभरांचा होतो.

तीन, मॅट उघड्यावर टाकली तर दुपारी वैदर्भी उन्हानं तापते आणि थंडीतल्या रात्री दव पडलं की निसरडी होते. रात्रीचे सामने भरवणाऱ्यांना विचारा, दर थोड्या वेळानं फडकं घेऊन मॅट पुसत बसावं लागतं!

चार, अनवाणी पायाला मातीची जी ओळख असते, ती बुटाला नसते. मातीत पकड बसली तरी घसरत, सरपटत मध्यरेषा गाठायची, ही वेगळीच मजा आहे.

आता सांगा, यातलं कोणाचं म्हणणं खोटं आहे? कोणाचंच नाही! म्हणून तर हा वाद संपत नाही.

घर्षणाचं गणित

थोडं विज्ञान बघू. वर्गात घर्षण शिकलाय ना? मग ते इथे वापरा.

चढाई करणारा खेळाडू झटकन वळतो, तेव्हा तो पायानं जमीन एका बाजूला ढकलतो आणि जमीन त्याला दुसऱ्या बाजूला ढकलते. घर्षण जास्त असेल तर वळण झटपट. मॅट आणि बूट यांची जोडी म्हणूनच खेळाला वेग देते.

पण याच पकडीला दुसरी बाजू आहे. समजा, तुमचा पाय मॅटवर घट्ट बसलाय आणि तेवढ्यात चार जणांनी तुम्हाला बाजूनं धक्का दिला. मातीत पाय थोडा सरकला असता आणि जोर तिथेच ओसरला असता. मॅटवर पाय सरकत नाही, मग तो पीळ जातो घोट्यात आणि गुडघ्यात. म्हणजे मातीत कातडी सोलते, तर मॅटवर सांध्यांना जपावं लागतं. धोका गेला नाही, त्यानं फक्त जागा बदलली!

हे तुम्ही स्वतःही तपासू शकता. शाळेच्या प्रयोगशाळेतून स्प्रिंगचा काटा मागून आणा. एका बुटात वीट ठेवा आणि वजन करा. आता बुटाला दोरी बांधून, काटा आडवा धरून, बूट एकसारख्या वेगानं ओढा आणि काट्यावरचा आकडा वाचा. समजा, बूट आणि वीट मिळून २ किलो भरलं आणि ओढताना काट्यावर १.२ किलो दिसलं. तर १.२ भागिले २ म्हणजे ०.६. हा झाला त्या दोन पृष्ठभागांचा घर्षणांक. हाच प्रयोग कोरड्या मातीवर, पाणी शिंपडलेल्या मातीवर, सतरंजीवर आणि मिळाली तर मॅटवर करा. मॅट कोरडी असताना आणि ओल्या फडक्यानं पुसल्यावरही करा. प्रत्येक ठिकाणी पाच-पाच वेळा ओढा आणि सरासरी काढा. मग तुमच्या वहीतले आकडे वाद घालणाऱ्यांच्या मधे ठेवा. बघा, आवाज कसे खाली येतात!

त्या एका मुलीचा विचार करा

आता डोळे मिटा आणि एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती दरेकशाची असेल, नाहीतर अशाच कुठल्या जंगलालगतच्या गावातली. सकाळी घरची कामं, मग शाळा आणि संध्याकाळी मैदान. मुलींचं मैदान १२ मीटर बाय ८ मीटरचं. तिची चढाई वाऱ्यासारखी! तालुक्याला ती मातीवर खेळते आणि जिंकते. मग पुढची निवड. गाडी पकडून ती जाते, हॉलमध्ये शिरते आणि समोर बघते तर मॅट. पायात कोणाचे तरी मागून आणलेले बूट, एक नंबर मोठे. पहिल्याच चढाईत वळायला जाते, तर बुटात पाय फिरतो. तोल जातो. पकड!

निवड करणारे चिठ्ठीवर काय लिहिणार? ते तर फक्त समोर दिसलं तेच लिहिणार. ती हरली ती खेळात नाही, ती हरली ओळखीत. मॅटशी तिची ओळखच कोणी करून दिली नव्हती!

म्हणून दोस्तहो, माती चांगली की मॅट चांगली, हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. खरा प्रश्न असा, की ज्या मैदानावर परीक्षा, त्याच मैदानावर अभ्यास करायला मिळतो का? पेपर इंग्रजीत काढायचा आणि धडे मराठीत शिकवायचे, असं केलं तर तुम्ही ओरडाल ना? मग मैदानावर का नाही ओरडायचं?

यावर उपाय नाही असं थोडंच आहे! प्रत्येक गावाला मॅट परवडणार नाही, हे खरं. पण चार-पाच शाळांत मिळून एक मॅट घेता येईल. ती तुकड्यांची असते, टेम्पोत घालून फिरवता येते. स्पर्धेआधीचे पंधरा दिवस प्रत्येक शाळेला आळीपाळीनं मिळाली, तरी पायांची ओळख होईल. शाळेनं वेगवेगळ्या मापांचे दहा-बारा जोड बूट घेऊन ठेवले, तर मागून आणायची वेळ यायची नाही. आणि लहान गटांच्या, गावच्या मंडईतल्या स्पर्धा मातीवरच राहू दिल्या, तर ज्याच्याकडे काहीच नाही त्याचंही दार उघडं राहील. कुस्तीनं माती आणि गादी दोन्ही सांभाळलं, मग कबड्डीला का जमू नये?

पुढच्या वेळी वाद झाला तर...

तुमच्या गावात, शाळेत असा वाद निघाला, तर नुसते ओरडू नका. हे चार प्रश्न विचारा. बदल कोणाला हवाय, खेळणाऱ्याला, बघणाऱ्याला, की विकणाऱ्याला? खेळाडूंना विचारलं का? आधी थोड्यावर करून पाहिलं का? आणि या बदलामुळे कोणी बाहेर तर राहणार नाही ना?

ब्लूमिंग्टनच्या प्रेक्षकांनी कुरकुर केली, म्हणून काचेचा बोर्ड आला. खेळाडूंनी बोटं दाखवली, म्हणून चामड्याचा बॉल परत आला. म्हणजे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांच्या बोलण्यालाही किंमत असते, फक्त ते नीट, कारणासकट बोललं पाहिजे.

आणि हो, मॅट यायची तेव्हा येईल. तोवर खडे वेचा, पाणी शिंपडा, माती चोपा. फक्की सरळ मारा. एक लांब श्वास घ्या आणि शिरा समोरच्या अंगणात!

कबड्डी... कबड्डी... कबड्डी...